दारात उभं राहून प्रश्न विचारू नका

आमचा बारका भाऊ पुण्यातली नोकरी सोडून घरी आला तेव्हा पहिले काही आठवडे आम्हाला वाटलं पोरगं दमलंय, झोपू दे जरा. मग अंघोळ दोन दोन दिवस नाही, मित्र खाली येऊन हॉर्न मारून जायचे आणि हा खिडकीचा पडदासुद्धा सरकवायचा नाही. आई दर अर्ध्या तासानं दार ढकलून "काय खाणार हाईस काय रं?" पप्पा त्याच्याशी डायरेक्ट बोलायचेच नाहीत, आईला सांगायचे, "इचार त्याला, कामाचं काय ठरवलंय." आणि मी मोठी बहीण, मी त्याला रोज सकाळी मोटिवेशनल व्हिडिओ पाठवायचे. तिघांच्याही मनात काळजीच होती, पण त्या काळजीनंच तो खोलीत अजून आत आत जात राहिला.

मी काय डॉक्टर नाही. पण त्या वर्षभरात डॉक्टरांकडून, समुपदेशक मॅडमकडून आणि स्वतः चुकून चुकून जे शिकले ते लिहून ठेवते, कारण कोल्हापुरात मला कितीतरी घरं माहिती आहेत जिथं आत्ता याच क्षणी कोणतरी खोलीत गप्प पडलंय आणि बाकीच्यांना काय करायचं कळत नाहीये.

पहिली गोष्ट, नुसती मरगळ आहे का आजार आहे हे कसं ओळखायचं. आपल्याला पावसाळ्यात एक सवय आहे, सकाळी उठलं की पहिल्यांदा विचारायचं, पंचगंगा किती फुटावर हाय. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट झालं की इशारा पातळी, ४३ झालं की धोका पातळी. ४३ व्हायची वाट बघत कोण बसत नाही, ३९ ला आलं की नदीकाठची माणसं जनावरं हलवायला लागतात, सामान माळ्यावर टाकतात. माणसाचं पण तसंच बघायचं. मन उदास किंवा कशातच रस नाही, असं जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे चाललंय तर ती इशारा पातळी समजा. त्याबरोबर झोप बिघडलेली असते, पहाटे तीनलाच जाग येते नाहीतर दिवसभर झोपच झोप, खाणं कमी नाहीतर एकदम जास्त, आणि आपल्याकडची माणसं "मला उदास वाटतंय" असं तोंडानं कधी म्हणत नाहीत बरं का, ती म्हणतात डोकं जड झालंय, पित्त झालंय, अंगात ताकदच नाही. पुरुष माणूस असेल तर चिडचिड जास्त दिसते, रडणं कमी. आमच्या बारक्याचं मला कधी लक्षात यायला पाहिजे होतं सांगू? शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेची मॅच होती, अख्खी गल्ली गाड्या काढून चाललेली, आणि हा, जो शाळा बुडवून मॅचला जायचा, तो भिंतीकडं तोंड करून झोपलेला. मी म्हटलं असंल थकलेला. तेव्हाच ३९ फूट झालं होतं. तुमच्या घरातल्या माणसाची अशी एक गोष्ट असते जी तो कधीच सोडत नाही, ती सुटली की लक्ष द्या.

धोका पातळी म्हणजे "मी नसलेलाच बरा", "माझ्यामुळं तुम्हाला त्रास" असलं बोलणं, आपल्या आवडीच्या वस्तू दुसऱ्याला देऊन टाकणं, खाणंपिणं पूर्ण सोडणं, कानात आवाज येतात म्हणणं, घरातल्यांवरच विनाकारण संशय. यातलं काहीही दिसलं की मग उद्या बघू नाही, त्याच दिवशी डॉक्टर. याबद्दल पुढं अजून लिहिते.

आता जिव्हाळ्याबद्दल, कारण माझ्या मते आपली खरी गफलत इथं होते. मॅडमनी आम्हाला एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात घट्ट बसली. जॉन बोल्बी म्हणून एक ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ होते, त्यांनी मूल आणि सांभाळणारं माणूस यांच्यातल्या नात्यावर आयुष्यभर काम केलं, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या मेरी एन्सवर्थ बाईंनी वर्षभराच्या आसपासच्या मुलांवर एक प्रयोग केला. आई मुलाला एका अनोळखी खोलीत खेळायला बसवते, थोड्या वेळानं उठून बाहेर जाते आणि परत येते. आपल्याला वाटतं आई गेल्यावर मूल किती रडलं ते बघत असतील. पण बाईंचं जास्त लक्ष होतं आई परत आल्यावर मूल काय करतंय त्याच्याकडं. काही मुलं आईला बघून बिलगतात, जरा वेळात शांत होतात आणि परत खेळायला पळतात. काही मुलं आई आली तरी तिच्याकडं बघतच नाहीत, जणू काय झालंच नाही. आणि काही आईला घट्ट धरून पण ठेवतात आणि तिलाच मारतात पण, काय केल्या शांत होत नाहीत. पहिल्या मुलांना माहिती असतं, ही खुंटी पक्की आहे, मी लांब गेलो तरी परत येऊन टेकायला जागा आहे, म्हणून तर ती लांब जाऊ शकतात.

हे ऐकल्यावर मला तालीम आठवली. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, पोरगा लढत असतो आणि वस्ताद काठावर उभा असतो. तो आत उडी मारून पोराच्या जागी कुस्ती खेळत नाही, आणि पोरगा चीत झाला म्हणून पाठ फिरवून निघून पण जात नाही. पोरगा वर आला की अंगावरची माती झाडतो, पाणी देतो, डाव नंतर समजावतो. आम्ही घरात काय करत होतो? आई हौद्यात उतरलेली आणि पप्पा तालमीच्या बाहेर.

मग करायचं काय. सगळ्यात पहिल्यांदा दारातले प्रश्न बंद करा. म्हणजे बघा, माणूस चार दिवसांनी कसाबसा चप्पल घालून बाहेर पडतो, कोपऱ्यावरनं येतो, आणि उंबऱ्यातच त्याला गाठतात, कुठं गेलतास, कोण भेटलं, काय खाल्लंस, इतका वेळ का लागला, फोन का उचलला नाहीस. त्याला वाटतं गेलो नसतो तर बरं झालं असतं. त्या प्रयोगातल्या मुलांसारखंच, परत आल्यावर काय मिळतं त्यावर पुढच्या वेळी बाहेर पडायचं का नाही ते ठरतं. आम्ही घरात नियम केला, तो आत आला की पहिली दहा मिनिटं कुणी काही विचारायचं नाही. आईनं फक्त "आलास व्हय, ये" एवढंच म्हणायचं आणि पाण्याचा तांब्या ठेवायचा. आईला हे इतकं अवघड गेलं की पहिले काही दिवस ती तोंडावर पदर धरून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. साधारण तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःहून कट्ट्यावर बसला आणि म्हणाला, "आई, कोपऱ्यावरचं ते झाड तोडलं की गं." बास, एवढंच वाक्य. पण कितीतरी महिन्यांनी त्यानं बाहेरचं काहीतरी आत आणलं होतं.

दुसरं, समोरासमोर बसवून बोलायला लावू नका. "बस इथं, आज आपण मोकळेपणानं बोलू" असं म्हटलं की माणूस लॉक होतो, आपल्याला पण शाळेत हेडमास्तरांनी बोलावल्यासारखंच वाटेल. शेजारी शेजारी असलं की जमतं, गाडीवर, चालताना, शेंगा निवडताना. आमच्या पप्पांचं गणित यातनंच सुटलं. पप्पा शिरोलीला फाउंड्रीत जन्मभर काम केलेला माणूस, त्यांना "बाळा तुला काय होतंय" असलं बोलता येत नाही आणि त्यांनी ते पाठ करून बोलावं अशी माझी पण अपेक्षा नाही. त्यांना मॅडमनी सांगितलं, तुम्ही बोलू नका, त्याला फक्त रोज एका ठिकाणी घेऊन जा. मग ते त्याला संध्याकाळी गाडीवर मागं बसवून गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्यायला लागले. समोर म्हशीचं दूध काढतात, फेसाळ धारोष्ण ग्लास हातात येतो, दोघं भिंतीला टेकून उभे राहणार, पिणार, मिशीला लागलेला फेस पुसणार आणि परत घरी. पहिले कितीतरी दिवस एक शब्द नाही. मी एकदा पप्पांना विचारलं काय बोलता तिथं, तर म्हणाले "काय न्हाई, म्हशी बघतो." एके दिवशी भावानं तिथंच सांगितलं की पुण्याला शेवटच्या महिन्यात त्याला रोज सकाळी ऑफिसच्या गेटवर पोचलं की उलटी व्हायची. पप्पांनी फक्त म्हटलं, "मग सांगायचं न्हाई व्हय रं" आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या सगळ्या व्हिडिओंनी जे झालं नाही ते त्या हातानं झालं.

बोलायची वेळ आलीच तर काय बोलायचं याबद्दल थोडं. "तुला काय कमी केलंय आम्ही?", "लोकांची दुःखं बघ", "आमच्या वेळी असलं काय नव्हतं", "मनावर घे, सगळं होतंय" ही चार वाक्यं घरातनं हद्दपार करा. २०१९ ला महापूर आला, पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा पाण्यातनं बाहेर आलेल्या माणसाला कुणी विचारलं का की तुमच्याच घरात पाणी कसं काय शिरलं, तुम्ही मनावर घेतलं असतं तर नसतं आलं? आपण भाकरी दिली, कोरडे कपडे दिले, अंथरूण घातलं. हे पण तसलंच आहे. "तुला जड जातंय हे दिसतंय मला", "मी इथंच हाय, बोलायचं नसलं तरी चालतंय", "आज डॉक्टरांचा नंबर मी लावू का तू लावतोस" इतकं साधं बोला. शेवटचं वाक्य मला विशेष आवडतं कारण त्यात त्याला निवडायला जागा राहते.

आणि ज्याला सगळे घाबरतात तो प्रश्न. जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारायचं. विचारल्यानं डोक्यात विचार घातला जातो ही चुकीची समजूत आहे, उलट माणसाला सुटल्यासारखं होतं की कुणीतरी एकदाचं विचारलं. मी भावाला गच्चीवर कपडे काढताना विचारलं, हात थरथरत होते माझे, "कधी मरावंसं वाटतंय का रे तुला?" तो बराच वेळ चिमटे गोळा करत राहिला आणि म्हणाला "कधी कधी." त्यावर मी रडले नाही, ओरडले नाही, शपथ घातली नाही, कारण मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं बरं झालं सांगितलंस, आता हे तू एकट्यानं सांभाळायचं नाही. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. असं उत्तर आलं तर माणसाला एकटं ठेवायचं नाही, आणि घरातली शेताची औषधं, उंदराचं औषध, गोळ्यांचे साठे हे सगळं घराबाहेर काढायचं, शेजारी नाहीतर पाहुण्यांकडं कुलपात ठेवायचं. आपल्याकडं गावाकडं फवारणीचं औषध पडवीत सहज पडलेलं असतं म्हणून हे मुद्दाम सांगते. अशी वाईट वेळ बऱ्याचदा थोड्या वेळाची असते आणि तेवढ्यात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. रात्री-अपरात्री काय सुचत नसलं तर १४४१६ ला फोन लावा, टेली-मानस, केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली हेल्पलाइन आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं, आणि घरचं माणूस पण स्वतःसाठी फोन करू शकतं. जीवाला अगदी आत्ताच धोका असेल तर ११२ नाहीतर जवळचं हॉस्पिटल.

डॉक्टरांचं. आपल्याकडं अजून "डोक्याचा डॉक्टर" म्हटलं की लोक आवाज बारीक करतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढं मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, तो गोळ्या देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात, ते गोळ्या देत नाहीत. बऱ्याच जणांना दोन्ही लागतं. खर्चाची अडचण असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. जाताना एक कागद घेऊन जा आणि त्यावर झोप कधीपासून बिघडली, काय काय बदललं, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते लिहून न्या, कारण आत गेल्यावर काही आठवत नाही. थायरॉइड वगैरे रक्ताच्या तपासण्या सांगितल्या तर करून घ्या, कधी कधी तिथंच काहीतरी सापडतं. आम्ही पहिल्यांदा ज्यांच्याकडं गेलो त्यांनी पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून दिली, भावाकडं मान वर करून बघितलं पण नाही, आणि तो महिनाभर परत कुठं यायला तयार नव्हता. डॉक्टर पटले नाहीत तर बदला, उपचार सोडू नका.

गोळ्यांबद्दल घरात सगळ्यात जास्त गोंधळ असतो. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त पण, आणि सुरुवातीला मळमळ, अस्वस्थपणा असा त्रास आधी दिसतो. म्हणून लोक दहा दिवसांत सोडतात. बरं वाटायला लागल्यावर पण काही महिने चालू ठेवाव्या लागतात आणि बंद करताना हळूहळू, डॉक्टरांना विचारूनच. या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही, पण अचानक तोडल्या तर चक्कर, चिडचिड होते. आई नरसोबाच्या वाडीला जाऊन दत्ताला नारळ वाढवून आली, तिनं प्रसाद आणला, अंगारा लावला, डॉक्टर म्हणाले खुशाल लावा, गोळी तेवढी चुकवू नका. श्रद्धेवरनं घरात भांडण काढू नका असं माझं मत आहे, आईला पण कशालातरी धरून राहायचं असतं. पण उतारे, मारझोड, उपाशी ठेवणं असलं कुणी सुचवलं तर तिथनं लगेच उठायचं.

आता लग्न. याच्यावर मला पोटतिडकीनं बोलायचंय. आत्या आली, म्हणाली "लगीन लावून टाका, जबाबदारी पडली की सरळ हुतंय बघा." मामींनी तर स्थळ पण आणलं. एका आजारी माणसाच्या अंगावर अजून एक ओझं टाकायचं, आणि कुणाच्या तरी लेकीला न सांगता या घरात आणून तिला नर्स करायचं, याला मी आधार म्हणत नाही. मी आत्याला बाजूला नेऊन सांगितलं, आत्या, पाय मोडलाय त्याचा असं समज, प्लास्टर असताना कुणी घोड्यावर बसवतंय का? आत्या रुसली, दोन महिने आली नाही. चालतंय. पुढं बरा झाल्यावर त्याला करायचं असेल तर करेल आणि मुलीला सगळं खरं सांगून करेल.

पाहुण्यांना काय सांगायचं हे आधीच ठरवून ठेवा, घरात चौघांनी चार गोष्टी सांगितल्या की गावभर पाचवी तयार होते. आम्ही ठरवलं, "बरं नाही त्याला, औषध चालू आहे, सुधारतंय" बास. आजाराचं नाव सांगायचं का नाही ते तो ठरवणार. त्याची गोष्ट आहे ती.

आणि सांभाळणाऱ्याचं काय? आईचं बीपी वाढलं, तिनं भिशी सोडली, भजनी मंडळ सोडलं, रात्री तीनदा उठून त्याच्या श्वासाचा आवाज ऐकायची. तिला वाटायचं मी हसले तर माझं पोरावर प्रेम नाही. मॅडमनी तिला विचारलं, "काकू, तुम्ही दिवसभर त्याच्या तोंडाकडं बघत बसला तर त्याला काय दिसतं?" आई गप्प. मग भाऊच म्हणाला, "माझं वाटोळं झालंय असं दिसतं." त्यानंतर आम्ही कामं वाटून घेतली. गोळ्यांची वेळ माझ्याकडं, संध्याकाळ पप्पांकडं, जेवण आईकडं पण एकदाच विचारायचं आणि नाही म्हटला तर ताट झाकून ठेवायचं. गुरुवारी आई भजनाला जाणार म्हणजे जाणारच. मी सासरी असते, म्हणून माझा रोज सकाळी एक आणि रात्री एक मेसेज, त्याला उत्तरात नुसता अंगठा पाठवला तरी चालेल, पण उत्तर आलं नाही तर मी फोन करणार हे त्याला माहिती. आधी मी दिवसात वीस वेळा त्याचं लास्ट सीन बघायचे, ते बंद झालं. डॉक्टर बरं म्हणेपर्यंत आतनं कडी लावायची नाही आणि आम्ही टकटक केल्याशिवाय आत जायचं नाही, हे पण दोन्ही बाजूंनी ठरलं आणि दोन्ही बाजूंनी पाळलं.

चुका होणार. मी मध्ये एकदा वैतागून बोलून बसले, "किती दिवस चालणार आहेत तुझी ही नाटकं?" त्याचं तोंड बघून माझ्या पोटात खड्डा पडला. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं, काल मी चुकीचं बोलले, मी दमले होते पण ते तुझ्यावर काढायला नको होतं. तो म्हणाला, "जाऊ दे की ताई." आमच्या घरात मोठ्यानं लहानाला सॉरी म्हटलेलं मला तरी आठवत नाही याआधी. पुढच्या महिन्यात पप्पांनी पण एकदा म्हटलं, त्यांच्या पद्धतीनं, दुकानातनं त्याच्या आवडीचं फरसाण आणून समोर ठेवलं आणि तिथंच बसून राहिले.

तो आता चुलतभावाच्या दुकानात हिशोब बघतो, अर्धा दिवस. गोळ्या चालू आहेत, डोस कमी झालाय, फाइल कपाटात वरच्या कप्प्यात आहे आणि पुढची तारीख कॅलेंडरवर आईनं लाल पेनानं गोल करून ठेवलीय. मधे मधे वाईट दिवस येतात, तेव्हा तो स्वतःच सांगतो, "ताई, आज ३९ हाय." मग मी विचारते येऊ का, तो कधी ये म्हणतो कधी नको म्हणतो. आई अजून पण संध्याकाळी खिडकीत उभी असते. त्याची गाडी गल्लीत वळली की ती पटकन मागं सरते आणि गॅसवर चहा ठेवते.